तिशीनंतर वैमानिक व्हायचंय? राजीनाम्याची घाई नको

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय ३१, पुण्यात आयटीत नोकरी, बारावी सायन्स आणि मग इंजिनीअरिंग. लग्न झालंय, मुलगी लहान आहे, वाकडच्या फ्लॅटचा हप्ता चालू आहे. शाळेपासून विमान उडवायचं मनात होतं, तेव्हा घरची परिस्थिती नव्हती. आता थोडे पैसे साठलेत. नोकरी सोडून सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचा परवाना, करावं का, भारतात करावं की बाहेर, आणि या वयात कुणी घेईल का?

मी आधी काही वर्षं महाराष्ट्रातल्या एका फ्लाइंग स्कूलमध्ये इन्स्ट्रक्टर होतो, आता एअरबस ३२० वर कॅप्टन आहे. शिकवत होतो तेव्हा बँकेतले, आयटीतले, मर्चंट नेव्हीतून आलेले, एक दंतवैद्य असे नोकरी-धंदा सोडून आलेले बरेच जण माझ्याबरोबर उडले. त्यातल्या जवळपास सगळ्यांना विमान नीट उडवता आलं. एअरलाइनपर्यंत मात्र सगळे पोचले नाहीत, आणि जे अडकले ते बहुतेक पैशाच्या आणि वेळेच्या हिशेबात अडकले. कुठली गोष्ट आधी करायची आणि कुठली नंतर, हा क्रम त्यांचा चुकला होता. म्हणून मी उत्तरही त्या क्रमानेच देतो.

वयाचं आधी उरकून टाकू. एअरलाइनमध्ये ६५ व्या वर्षापर्यंत उडता येतं. तुम्ही ३४-३५ व्या वर्षी उजव्या सीटवर, म्हणजे को-पायलट म्हणून, बसलात तरी पुढे तीस वर्षं आहेत. कायद्यात वय आडवं येत नाही. एअरलाइनच्या कॅडेट प्रोग्रामना (एअरलाइन आधी निवड करते आणि मग प्रशिक्षण, अशी वाट) मात्र वयाची वरची मर्यादा असते आणि ती दर जाहिरातीत बदलते, तेव्हा त्या वाटेने जायचं असेल तर आजची जाहिरात आज वाचा. दुसरी गोष्ट सीनिऑरिटीची. या धंद्यात तुम्ही आधी काय होतात याला काडीची किंमत नाही. तुमच्या आधी आठवडाभर रुजू झालेला २२ वर्षांचा मुलगा कायम तुमच्या पुढे राहणार आणि कॅप्टनचं अपग्रेडही त्याला आधी मिळणार. टीम लीड म्हणून वावरलेल्या माणसाला हे पचवायला वेळ लागतो. तुम्हाला पचणार आहे का, ते आत्ताच बघा.

आता पहिलं काम: मेडिकल. फॉर्म, फी, ग्राउंड क्लास, सगळ्याच्या आधी. डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाच्या, संकेतस्थळावर मान्यताप्राप्त डॉक्टरांची यादी आहे. त्यातल्या जवळच्या डॉक्टरकडे क्लास टू, म्हणजे खालच्या पायरीची तपासणी, करून घ्या आणि तो निकाल हातात आला की क्लास वनची, म्हणजे व्यावसायिक परवान्याला लागणाऱ्या तपासणीची, तारीख लावा. क्लास वनची पहिली तपासणी हवाई दलाच्या केंद्रांत किंवा डीजीसीएने मान्य केलेल्या मोजक्या रुग्णालयांत होते. डोळे, कान, ईसीजी, छातीचा एक्स-रे, पोटाची सोनोग्राफी, रक्त, लघवी असं सगळं बघतात. चष्म्याची धास्ती सगळ्यांना असते, पण चष्मा लावून नजर ठरलेल्या पातळीवर येत असेल तर तो चालतो. खरी अडचण रंगांधळेपणाची. ठिपक्यांतला आकडा वाचायच्या त्या इशिहारा चाचणीत कित्येकांना आयुष्यात पहिल्यांदा कळतं की आपल्याला लाल-हिरव्यात घोळ आहे. आयटीतून येणाऱ्यांचं नेहमीचं दुखणं वेगळं असतं: वजन, बीपी, साखर, फॅटी लिव्हर. मूतखडा निघाला तरी काही महिन्यांसाठी टेम्पररी अनफिटचा शिक्का बसू शकतो. यातलं बरंचसं सुधारता येतं, पण त्याला महिने लागतात. ते महिने तुमचा पगार चालू असताना गेलेले बरे.

एक कळकळीने सांगतो. फॉर्ममध्ये जुना आजार, शस्त्रक्रिया, मानसोपचाराची औषधं यातलं काही लपवू नका. क्लास वन एकदा मिळवलं की झालं असं नसतं, ते निवृत्तीपर्यंत पुन्हा पुन्हा करून घ्यायचं असतं. आज दडवलेली गोष्ट पंधरा वर्षांनी, डोक्यावर कर्ज असताना बाहेर येण्यापेक्षा आज समोरासमोर विचारलेली बरी.

मेडिकल चालू असतानाच कागदपत्रांचं मागे लागा. परीक्षेसाठी आधी कंप्युटर नंबर, म्हणजे डीजीसीएकडचा उमेदवार क्रमांक, काढावा लागतो आणि त्यासाठी दहावी-बारावीच्या गुणपत्रिकांची बोर्डाकडून पडताळणी लागते. बोर्डाच्या विभागीय कार्यालयातलं हे काम कधी आठवड्यात होतं, कधी महिनाभर लोंबकळतं. तुमचं बारावी सायन्स आहे, म्हणजे फिजिक्स आणि गणिताची अट तुम्ही पुरी करता. दहावीनंतर डिप्लोमा करून इंजिनीअर झालेल्यांनी किंवा कॉमर्सवाल्यांनी मात्र हे विषय मुक्त विद्यालयातून, म्हणजे एनआयओएसमधून, द्यावे लागतील का हे आधी तपासून घ्यावं. आमच्याकडे एक मुलगा चांगल्या पदवीनिशी आला आणि फॉर्म भरताना अडकला, कारण त्याच्याकडे बारावीच नव्हती.

मग पेपर. एअर रेग्युलेशन्स, एअर नेव्हिगेशन, मिटिऑरॉलॉजी, टेक्निकल जनरल आणि तुम्ही जे विमान उडवणार त्याचा टेक्निकल स्पेसिफिक. पास व्हायला ७० टक्के लागतात. शिवाय रेडिओच्या परवान्यासाठी आरटीआर. टेक्निकल स्पेसिफिक वगळता बाकी सगळं नोकरी करता करता होतं आणि ते तसंच करावं असं माझं ठाम मत आहे. शनिवार-रविवार ग्राउंड क्लास, आठवड्यात रोज पहाटे दोन तास. यात पैसे वाचतात, पण त्याहून मोठा फायदा दुसराच आहे. सहा-आठ महिने रोज पहाटे उठून, ऑफिस आणि घर सांभाळून नेव्हिगेशनची गणितं सोडवताना तुम्हाला स्वतःविषयी जे कळेल ते कुठल्याही समुपदेशकाकडून कळणार नाही. ज्यांना फक्त युनिफॉर्म आवडतो ते मिटिऑरॉलॉजीपाशी गळतात. त्यांचं काही वाया जात नाही, क्लासची फी तेवढी जाते. पुण्या-मुंबईतले बरेच क्लास ‘आधी नोकरी सोडा, पूर्णवेळ या’ म्हणतात, कारण पूर्णवेळ बॅचची फी जास्त असते. ऐकू नका.

आरटीआरला मराठी माध्यमातली मुलं उगाच घाबरतात. उच्चार मराठी वळणाचा असला तरी काही बिघडत नाही, वाक्प्रयोग ठरलेले असतात. चूक होते ती वेगळ्या ठिकाणी. कंट्रोलरने सांगितलेली उंची, हेडिंग (दिशा), रनवे यातलं काही परत न म्हणता नुसतं ‘रॉजर’ म्हणून मोकळं व्हायचं. आपल्याकडे ‘हो हो’ म्हणायची सवय असते ना, तीच. सूचना जशी आली तशी, शेवटी आपल्या विमानाचं नाव लावून, परत म्हणायची. घरी आरशासमोर महिनाभर केलं की जिभेवर बसतं. इंग्रजीची वेगळी प्रावीण्य-चाचणीही असते, त्यात लेव्हल ४ किमान लागते. रोज परदेशी क्लायंटशी कॉलवर बोलणाऱ्याला तिची चिंता नको.

इथपर्यंत तुमचे लाखभर, फार तर दोन लाख गेले असतील आणि नोकरी शाबूत असेल. आता खरा निर्णय, कारण यापुढचा खर्च परत येत नाही.

भारतात सीपीएलला २०० तासांचं उड्डाण लागतं. त्यातले १०० तास पायलट-इन-कमांड म्हणून, म्हणजे विमानाची जबाबदारी तुमची. त्यात ३०० नॉटिकल मैलांची एक लांब क्रॉस-कंट्री (एका विमानतळावरून दुसरीकडे जाणारं उड्डाण), रात्रीचं उड्डाण, इन्स्ट्रुमेंटवरचं (बाहेर न बघता उपकरणांवरून केलेलं) उड्डाण असं सगळं यावं लागतं. वर मल्टी-इंजिन आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे परवान्यावरच्या जादा पात्रता. आज याला भारतात राहण्या-जेवणाशिवाय साधारण ५० ते ६० लाख लागतात. नंतर टाइप रेटिंग, म्हणजे ३२० किंवा ७३७ सारख्या एका विशिष्ट विमानाचं प्रशिक्षण, त्याचे पंधरा-वीस लाख वेगळे. एअरलाइनच्या कॅडेट प्रोग्राममध्ये हे सगळं एकत्र येतं आणि आकडा कोटीच्या घरात जातो. त्या पैशात निवड आधी होते आणि सगळं नीट झालं तर पुढे नोकरीची वाट असते. पण तिथेही अटी बारकाईने वाचा, ‘जागा उपलब्ध असल्यास’ हे शब्द कुठे आहेत ते शोधा.

समजा तुम्ही ६० लाखांचं कर्ज घेतलंत, ११ टक्क्यांनी, दहा वर्षांसाठी. हप्ता येतो महिना ८२-८३ हजार. शिकत असताना हप्ता नसला तरी व्याज चढतच असतं, ते धरलं तर आणखी जास्त. एवढ्या कर्जाला बँक तारण मागते, बहुधा घर किंवा जमीन. तुमचा वाकडचा फ्लॅट आधीच गहाण आहे, म्हणजे प्रश्न आईवडिलांच्या घरावर येणार. तिथे मी थांबायला सांगतो. वडिलांचं राहतं घर तारण ठेवून सीपीएल करू नये, हे माझं मत आहे आणि त्यावरून माझे मित्रांशी वादही झालेत. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आयकरात वजावट मिळते हे खरं, पण ती जुन्या करप्रणालीत, आणि वजावटीच्या आशेने कर्ज काढणं हा उलटा हिशेब झाला.

आता हा हप्ता सुरू होतो तेव्हा तुमच्या हातात नोकरी असेल का? सगळ्यात कमी विचार इथेच केला जातो.

परवाना मिळणं आणि नोकरी मिळणं या दोन तारखांमध्ये किती अंतर पडेल हे कुणाच्या हातात नसतं. २०१२ मध्ये किंगफिशर बंद पडली, एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज, मे २०२३ मध्ये गो फर्स्ट. दर वेळी अनुभवी वैमानिकांची अख्खी फौज बाजारात आली आणि नवे परवानाधारक रांगेत मागे ढकलले गेले. मध्ये २०२० ची कोविडची साथ. त्या काळात परवाना हातात असलेली मुलं दोन-तीन वर्षं घरी बसली. तेवढ्यात मेडिकलचं नूतनीकरण करा, इन्स्ट्रुमेंट रेटिंग जिवंत ठेवा, हात बसलेला राहावा म्हणून थोडं उडा, असा खर्च चालूच राहतो.

याच्या उलट बाजूही आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० विमानांची ऑर्डर दिली, त्याच वर्षी जूनमध्ये इंडिगोने ५०० ची. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली तेव्हा वैमानिकांच्या कामाच्या आणि विश्रांतीच्या नव्या ड्युटी-नियमांना पुरतील एवढे वैमानिक नसणं हे एक मोठं कारण होतं. त्यानंतर क्लासवाल्यांच्या जाहिरातींत ‘पायलटचा तुटवडा’ हा शब्द जोरात आला. तुटवडा आहे, पण तो मुख्यतः कॅप्टनचा आणि तयार फर्स्ट ऑफिसरचा (को-पायलटचा). विमानं पाच-दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने येतात आणि २०० तासांच्या मुलाला कॅप्टन व्हायला काही वर्षं आणि किमान १५०० तास लागतात. एअरलाइनचे सिम्युलेटर आणि ट्रेनर यांची संख्याही ठरलेली. २०२३ मध्ये डीजीसीएने १६२२ सीपीएल दिले, तोवरचा तो उच्चांक होता. सगळ्यांना एका वर्षात आत घ्यायला दारच तेवढं रुंद नाही.

म्हणून माझा हिशेब असा. प्रशिक्षणाचा खर्च बाजूला ठेवा. त्याशिवाय परवान्यानंतरची दोन वर्षं घर चालेल, हप्ते जातील आणि टाइप रेटिंगचे पैसे काढता येतील, एवढी सोय नसेल तर राजीनामा देऊ नका. दोन वर्षं अजून नोकरी करून साठवा. ३१ चे ३३ झालात तर सीनिऑरिटीत थोडं नुकसान होईल, पण तेवढ्याने कुणाचं करिअर बुडत नाही. परवाना मिळाल्यावर सहाव्या महिन्यात पैसे संपलेला माणूस मात्र मिळेल ती नोकरी धरतो, उडणं सुटतं आणि दोन वर्षांनी एअरलाइनच्या परीक्षेला बसतो तेव्हा हात गेलेला असतो. मी पाहिलेले बहुतेक जण इथेच अडकले. तुमच्या पत्नी नोकरी करत असतील तर हा हिशेब त्यांच्यासोबत बसून करा, कारण त्या दोन-तीन वर्षांत घर त्याच ओढणार आहेत. ‘तिला सांगून पाहतो’ या पायरीवर असाल तर अजून काहीच सुरू झालेलं नाही.

आयटीवाल्यांना एक सोय आहे, ती वापरा. परवान्यानंतरच्या काळात तुम्ही फ्रीलान्स किंवा घरून करायचं काम घेऊ शकता. दंतवैद्याने तेच केलं, सकाळी क्लिनिक, दुपारी अभ्यास, आणि एअरलाइनच्या परीक्षेला तो अजिबात हवालदिल न होता बसला. मुलाखतीत हवालदिल माणूस लगेच ओळखू येतो.

दुसरी वाट इन्स्ट्रक्टरची. आणखी प्रशिक्षण घेऊन फ्लाइंग स्कूलमध्ये शिकवायचं. पगार फार नसतो, पण तास जमतात आणि हात पक्का होतो. मी याच वाटेने आलो म्हणून मला ती आवडते, हेही ध्यानात घ्या.

शाळा कुठली? महाराष्ट्रात पर्याय बरे आहेत. १९२८ पासूनचा बॉम्बे फ्लाइंग क्लब, जिथे जे.आर.डी. टाटा शिकले आणि १९२९ मध्ये भारतातल्या परवान्यांपैकी पहिल्या क्रमांकाचा परवाना त्यांना मिळाला, तो आता उड्डाणं धुळ्याला करतो. बारामती, शिरपूर, गोंदिया, नागपूर इथेही प्रशिक्षण चालतं. राज्याबाहेर रायबरेलीजवळच्या फुरसतगंजची इग्रुआ ही सरकारी उड्डाण अकादमी आहे, तिला प्रवेशपरीक्षा असते. अमुक शाळा घ्या असं मी सांगणार नाही. शाळेचा दर्जा दोन वर्षांत पार पालटतो, एक चांगला चीफ इन्स्ट्रक्टर गेला की झालं. २०२५ पासून डीजीसीए शाळांची क्रमवारी लावतं, ती बघा, पण तेवढ्यावर थांबू नका.

शाळा बघायला आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी सातला जा आणि ब्रोशर न घेता हँगरपाशी उभे राहा. त्यांच्याकडे विमानं किती हा प्रश्न चुकीचा आहे, आज किती उडतायत हे विचारा. दहापैकी चार विमानं सुट्या भागांसाठी वाट बघत धूळ खात असतील तर तुमच्या प्रशिक्षणाच्या चौदा महिन्यांचे सव्वीस होणार. एका विमानामागे विद्यार्थी किती, गेल्या महिन्यात शाळेने एकूण किती तास उडवले, स्किल टेस्टसाठी परीक्षक मिळायला किती थांबावं लागतं, पावसाळ्यात काय करता? मग संध्याकाळी मेसमध्ये स्टाफ नसताना विद्यार्थ्यांना गाठा. ‘शेवटचा कधी उडलास?’ एवढंच विचारा. तीन जणांनी ‘तीन आठवडे झाले’ म्हटलं की तुम्हाला उत्तर मिळालं. आणि सगळी फी एकरकमी कधीही भरू नका, कितीही सवलत देऊ देत. तास उडाल तसे पैसे, आणि सोडल्यास परतावा किती हे लेखी.

परदेशाबद्दल थोडक्यात. अमेरिका, दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंड इथे हवामान आणि विमानांची उपलब्धता यामुळे तास लवकर होतात. खर्च भारताच्या आसपास किंवा थोडा वर जातो, डॉलरवर अवलंबून. परत आल्यावर परवाना भारतीय करून घ्यावा लागतो: डीजीसीएचे पेपर, इथलं मेडिकल, इथल्या विमानावर चेक, तिकडच्या प्राधिकरणाकडून परवान्याची आणि तासांची पडताळणी. त्यात सहा महिने सहज जातात, कधी जास्त. जायचंच असेल तर डीजीसीएचे पेपर आणि क्लास वन दोन्ही पुरे करूनच विमानात बसा. तुमच्यासारख्या संसारी माणसाला मी हाच पर्याय जास्त सुचवेन, कारण पगाराशिवायचा काळ तिथे नीट मोजता येतो. मुलीपासून वर्षभर लांब राहणं जमणार नसेल तर गोष्ट वेगळी.

आता प्रत्यक्ष उडण्याबद्दल, कारण त्याबद्दल तुम्ही काहीच विचारलेलं नाही. सगळे फी आणि पगार विचारतात.

मोठ्या वयाचे विद्यार्थी ग्राउंडवर हुशार असतात आणि हवेत सुरुवातीला जड जातात. माझ्याकडे एक प्रोग्रॅमर होता. चेकलिस्ट तोंडपाठ. पहाटे सेसना या छोट्या प्रशिक्षण विमानाच्या पंखाखाली वाकून टाकीच्या तळाचं थोडं इंधन तो कपात काढायचा, उजेडाकडे धरून त्यात पाण्याचा थेंब आहे का, रंग निळाच आहे ना हे इतकं मन लावून बघायचा की बाकीचे आपलं विमान घेऊन रनवेकडे निघून जायचे. फायनलवर, म्हणजे उतरतानाच्या शेवटच्या टप्प्यात, ६५ नॉट म्हणजे ६५, काटा हलायचा नाही. आणि लँडिंग मात्र दर वेळी धाडकन. कारण त्याची नजर काट्यावर खिळलेली. रनवे जवळ आला की नजर बाहेर, रनवेच्या पार दूरच्या टोकाकडे न्यायची असते, तेव्हाच विमान जमिनीपासून किती वर आहे हे डोळ्याच्या कडेने कळतं. सांगून फरक पडेना. शेवटी एका सकाळी मी खिशातलं व्हिजिटिंग कार्ड काढून त्याच्या एअरस्पीड इंडिकेटरवर, म्हणजे वेगाच्या काट्यावर, चिकटवलं. पहिले दोन सर्किट (उडून, रनवेला वळसा घालून परत उतरायची फेरी) तो चिडला. तिसऱ्याला त्याने इंजिनचा आवाज ऐकायला आणि नाकाचा कोन बघायला सुरुवात केली, आणि चाकं टेकलेली आम्हाला दोघांनाही कळली नाहीत. त्यानंतर काही दिवसांत त्याचं पहिलं सोलो, म्हणजे एकट्याने केलेलं उड्डाण, झालं आणि मुलांनी रिवाजाप्रमाणे त्याच्यावर बादल्या ओतल्या.

सांगायचा मुद्दा हा की तिशीतला माणूस आधी समजून घेतो आणि मग करतो. लँडिंग समजून येत नाही, ते करून येतं. विशीतल्या मुलापेक्षा सोलोला चार-सहा तास जास्त लागले तर खचू नका. पुढे इन्स्ट्रुमेंटवर आणि क्रॉस-कंट्रीत, जिथे नियोजन आणि डोकं थंड ठेवणं लागतं, तिथे हीच मोठी मुलं पुढे निघतात.

नोकरी लागल्यावरचं आयुष्य कसं असतं हेही ऐका. रात्री अडीचला पिकअप, पहिलं उड्डाण पाचला, दिवसात चार सेक्टर, म्हणजे चार उड्डाणं. प्रत्येक ड्युटीआधी ब्रेथअॅनालायझर, त्यात शून्याला दुसरा पर्याय नाही. पहिल्यांदा पॉझिटिव्ह आलात तर परवाना तीन महिन्यांसाठी निलंबित, म्हणून आम्ही खोकल्याचं औषधही लेबल वाचून घेतो. दर सहा महिन्यांनी सिम्युलेटर चेक, जिथे टेकऑफला इंजिन बंद पाडून तुम्ही काय करता ते बघतात. निवृत्तीपर्यंत वर्षातून दोनदा परीक्षा देणारा दुसरा व्यवसाय मला माहीत नाही. नव्या नियमांनी आठवड्याची सलग विश्रांती ३६ वरून ४८ तास केली, तेवढं सुसह्य झालं. गणपती, दिवाळी, मुलीचा वाढदिवस यावर नव्या माणसाचा हक्क नसतो. रोस्टरमध्ये असेल तेव्हा साजरे करायचे. सुरुवातीचा पगार लाख-दीड लाखाच्या आसपास धरून चाला. आज आयटीत तुम्हाला त्याहून जास्त मिळत असेल तर पहिली काही वर्षं तुम्ही मागे जाणार आहात. कॅप्टन झाल्यावर पगार भरपूर आहे, पण तो पाच-सात वर्षांनंतरचा.

हे सगळं वाचून मन थोडं मागे सरलं असेल तर दुसरा एक मार्ग आहे, त्याला कुणी कमी लेखू नये. प्रायव्हेट पायलट लायसन्स करा. सीपीएलच्या तुलनेत खर्च बराच कमी, नोकरी सुटत नाही, आणि शनिवार-रविवारी स्वतः विमान उडवता. त्यातले तास पुढे सीपीएलसाठी धरले जातात. कित्येकांची भूक एवढ्याने भागते.

शेवटी, तुम्ही लिहिलंय की प्रवासी विमानात धक्के बसले की तुम्हाला मळमळतं आणि म्हणून शंका येते. त्याची चाचणी सोपी आहे. कुठल्याही शाळेत पैसे भरून अर्ध्या-पाऊण तासाचं ओळख-उड्डाण घ्या. सकाळी नको, सकाळी हवा शांत असते. एप्रिल-मेची दुपार निवडा, जेव्हा तापलेल्या जमिनीवरून छोटं विमान चांगलंच हलतं. आधी हलकं खा, अगदी उपाशी जाऊ नका, आणि इन्स्ट्रक्टरला सांगून थोडा वेळ कंट्रोल स्वतः हातात घ्या. मागच्या सीटवर मळमळणारे बरेच जण स्वतः उडवायला लागले की ठीक होतात, आणि सुरुवातीला उलट्या करणारे माझे कित्येक विद्यार्थी आठ-दहा उड्डाणांत सरावले. खिशात एक पिशवी ठेवा म्हणजे झालं.